बीसीजी न दिलेले पंचवीस दिवस

नर्स ट्रे घेऊन खोलीत आली तेव्हा माझी नात जेमतेम सतरा तासांची होती. ट्रेमध्ये काय असतं ते मला वाकून बघावं लागत नाही. पोलिओचे थेंब, काविळीची लस आणि तपकिरी काचेची एक छोटी बाटली. ती बाटली दिसली तशी मी खुर्चीवरून उठले आणि पाळण्याच्या डाव्या अंगाला जाऊन उभी राहिले.

"आजी, जरा सरका. तीन लसी आहेत, दोन मिनिटांचं काम."

"दोनच द्या. बीसीजी द्यायचं नाही."

"असं कसं? सगळ्याच बाळांना देतो आपण."

"फाइल बघितलीत का?"

फाइल तिने बघितली नव्हती. सून दवाखान्यात भरती झाली त्याच दिवशी मी फाइलच्या पुठ्ठ्यावर लाल स्केचपेनने लिहून ठेवलं होतं: बाळाला बीसीजी देऊ नये, रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत. खाली दोन रेघा मारल्या होत्या. नर्सने ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं, "मॅडमना विचारून येते" म्हणाली आणि ट्रे तिथेच टेबलावर ठेवून चालू लागली. लसीचा ट्रे असा टाकून जायचा नसतो. मी तिला मोठ्याने हाक मारून परत बोलावलं आणि ट्रे न्यायला लावला. शेजारच्या खाटेवरच्या बाळंतिणीची आई माझ्याकडे अशी बघत होती, की कुठल्या खेड्यातून ही अडाणी म्हातारी आली आहे.

मला राग आला आणि मग स्वतःचंच हसू आलं. कारण ती बघत होती तशी मी तेहतीस वर्षं दुसऱ्यांकडे बघत आले होते.

मी सिस्टर होते. सरकारी उपकेंद्रातली, हातात लसीचा डबा आणि खांद्याला पर्स घेऊन वस्त्यांवर हिंडणारी. सगळी नोकरी नाशिक जिल्ह्यातल्या बागलाणात गेली, शेवटची अकरा वर्षं नामपूरच्या बाजूला. किती दंडांत सुई घातली त्याची मोजदाद नाही. क्षयरोगाविरुद्धची ही लस बाळाच्या डाव्या दंडात, कातडीच्या आत, पण कातडीच्या खाली नाही, अशी द्यायची असते. बरोबर बसली की मसुरीच्या दाण्याएवढा पांढरा फुगा उठतो. माझा फुगा कधी चुकायचा नाही. इतर बायका शिकायला माझ्याकडे यायच्या आणि मला त्याचा माज होता, हे आता कबूल करायला हरकत नाही. एका सासूने सुईच्या भीतीने नातवाला कांदे साठवायच्या चाळीत नेऊन लपवलं होतं. दुपट्याचं टोक दिसलं म्हणून मी त्याला हुडकून काढलं आणि त्या बाईला भर वस्तीत असं झापलं, की नंतर तीच दर महिन्याला बाकीच्या पोरांना गोळा करून आणायची.

आता पाळण्याशी उभं राहून लस अडवणारी सासू मी होते.

याचं कारण माझा पहिला नातू.

माझी सून म्हणजे माझ्या धाकट्या भावाची मुलगी. माझी सख्खी भाची. आमच्यात मामाच्या मुलीवर आतेभावाचा पहिला हक्क समजतात, आणि इथे तर मीच हट्ट धरला होता. भावाची पोर डोळ्यांसमोर वाढलेली, माझ्या मुलाला आवडणारी. परक्याच्या घरात देऊन तिचं नशीब कशाला बघायचं, असं मी म्हणाले आणि भावाने लगेच नारळ फोडला. त्या लग्नात मी नवऱ्या मुलाची आई म्हणूनही मिरवले आणि नवरीची आत्या म्हणूनही.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे माझ्याच भावाच्या घरी. प्रसूती सटाण्याला झाली. त्या दिवशी तिथे बीसीजीची बाटली फोडलेली नव्हती. एक बाटली फोडली की ती चार तासांत संपवावी लागते, त्यामुळे एका बाळासाठी सहसा फोडत नाहीत. मला ते बरंच वाटलं. आठव्या दिवशी माझ्या उपकेंद्रावर लसीकरणाचं सत्र होतं. नातवाचा दंड मी स्वतः धरला आणि लस स्वतः दिली. फुगा असा सुरेख उठला की मी बायकांना बोलावून दाखवला.

तिसऱ्या महिन्यात त्याच्या डाव्या काखेत बोराएवढी गाठ आली. सुनेने घाबरून मला दाखवली. मी म्हणाले, येते कधी कधी अशी, बसेल आपोआप. ते खोटं नव्हतं. कधी कधी येते आणि बसतेही. पण ही बसली नाही. ती लिंबाएवढी झाली, फुटली, वाहायला लागली. मग ताप सुरू झाला, पोट फुगलं, वजन वाढायचं थांबलं. तीन आठवडे मी "बसेल" म्हणत होते. दुसऱ्या कुणाचं बाळ असतं तर चौथ्या दिवशी मी त्याला रिक्षात घालून नाशिकला पाठवलं असतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

नाशिकला मुलांच्या मोठ्या दवाखान्यात दाखल करताना एक तरुण डॉक्टर फॉर्म भरत होता. बाळाचं वजन, जन्म कुठे, लसी कुठल्या. मग त्याने विचारलं, "बाळाच्या आई-वडिलांचं आपापसात रक्ताचं नातं आहे का?"

मी म्हणाले, "नाही."

क्षणभरही विचार केला नाही. आणि मी खोटं बोलत होते असंही नाही. आमच्या समजुतीत ते खरंच होतं. माझं लग्न झालं तेव्हा मी माझ्या नवऱ्याच्या कुळात गेले. माझ्या मुलाचं कूळ वेगळं, देवक वेगळं, आडनाव वेगळं. भाऊबंदांत आम्ही लग्न करत नाही. ते रक्त एक. सोयऱ्यांत करतो. माझा भाऊ माझ्या मुलाचा सोयरा होता. प्रशिक्षणात आम्हाला हे सगळं शिकवलं होतं, गरोदर बायकांच्या कार्डावर हाच प्रश्न मी वर्षानुवर्षं विचारत होते, आणि आत्याच्या घरी दिलेल्या कितीतरी पोरींपुढे मी "नाही"वर खूण केली होती. शिकवलेलं वहीत राहिलं आणि घरचं डोक्यात राहिलं.

त्या एका "नाही"मुळे डॉक्टर दुसरीकडेच शोधत राहिले. घरात कुणाला टीबी आहे का म्हणून आम्हा सगळ्यांची थुंकी तपासली, छातीचे फोटो काढले. रक्ताचा कॅन्सर आहे का ते पाहिलं. यात सतरा दिवस गेले. मग मुंबईला नेलं. तिथल्या वयस्क डॉक्टरीणबाई बाळाला तपासत होत्या आणि मागून सुनेने मला हाक मारली, "आत्या, दुपटं द्या." बाईंनी मान वर केली. "ही तुम्हाला आत्या का म्हणते? सगळ्या सुना म्हणतात तशी, की तुम्ही खरोखरच हिची आत्या आहात?"

मी म्हणाले, खरोखरची. बाईंनी पेन खाली ठेवलं.

त्यांनी मला जे समजावलं ते मी पुढे कितीतरी वेळा मनात घोळवलं आहे. बीसीजीच्या बाटलीत क्षयाच्या जंतूचा एक दुबळा भाऊबंद असतो, पण जिवंत असतो. बाळाचं शरीर त्याच्याशी खेळून खेळून लढायला शिकतं. यासाठी शरीरातल्या एका पेशीने हाक मारायची असते आणि दुसरीने ती ऐकून धावून यायचं असतं. माझ्या नातवाच्या पेशींना ती हाक ऐकू येत नव्हती. ऐकण्याचा तो कान बनवण्याची कृती एका जनुकात लिहिलेली असते. प्रत्येकाकडे तिच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. एक बिघडली तरी दुसरीवर भागतं, माणसाला जन्मभर कळतही नाही. त्याच्याकडे दोन्ही बिघडलेल्या आल्या होत्या. जो जंतू इतर बाळांच्या दंडावर नुसता वण ठेवून मरतो, तो त्याच्या अंगभर पसरला होता.

बिघडलेली प्रत कुठून आली तेही पुढे रक्त तपासून निघालं. माझ्याकडे एक होती. माझ्या भावाकडे एक होती. म्हणजे ती आमच्या आईकडून किंवा बापाकडून दोघांत उतरली होती. मी ती मुलाला दिली, भावाने ती मुलीला दिली आणि मग मीच हट्ट करून ती दोघं एका मांडवात आणून बसवली.

माझा नातू अकरा महिन्यांचा होऊन गेला. जनुकाचा पक्का रिपोर्ट त्यानंतर आला. आधी कळलं असतं तर वाचला असता का, असं मी बाईंना फोनवर विचारलं. त्या म्हणाल्या, "कदाचित. कदाचित नाही." मी फोन ठेवला. सुनेला तर फॉर्म भरतानाच्या त्या "नाही"बद्दल मी कधीच सांगितलं नाही. सांगायला तोंड कुठून आणणार होते?

बाईंनी तेव्हा आणखी एक गोष्ट सांगितली होती. एवढा मोठा बिघाड विरळा. पण बारीकसारीक फरक सगळ्यांच्याच जनुकांत असतात, आणि क्षयाच्या जंतूशी कोण किती झुंजेल हे थोडंफार त्यावरही ठरतं. मला एका वस्तीवरचं घर आठवलं. एका खोलीत पाच जण झोपायचे, सगळ्यांचं ताट एक, धूर एक, त्यांतला मधला मुलगा तेवढा टीबीने झिजला. मी त्याच्या आईला म्हणाले होते, याच्या खाण्याकडे तुमचं लक्ष नाही. खाणं, कोंदट घर, धूर, खोकणाऱ्याची सोबत यांचा दोष मोठा असतोच. पण त्या बाईने पाचही जणांना सारखंच वाढलं होतं. मला आज तिच्या दारात जाऊन उभं राहावंसं वाटतं.

दुसऱ्या वेळी दिवस गेले ते सुनेने मला पाचव्या महिन्यात सांगितलं. दृष्ट लागू नये म्हणून आमच्याकडे तीन महिने कुणाला सांगत नाहीत. हिने पाच काढले. ती दोघं नाशिकला, द्वारका चौकामागच्या फ्लॅटमध्ये राहायची आणि मी अजून नोकरीवर, उपकेंद्राच्या क्वार्टरमध्ये, त्यामुळे मला पत्ता लागला नाही. कळल्यावर मी भडकले.

"अगं, बाईंनी सांगितलं होतं ना? तिसऱ्या महिन्यात पोटातच तपासता आलं असतं! चारात एकाला धोका असतो!"

"म्हणूनच नाही सांगितलं," ती म्हणाली. "तपासलं असतं तर पुढचं तुम्ही सगळ्यांनी ठरवलं असतं."

मुलाला माहीत होतं. त्या दोघांचं आधीच ठरलं होतं. मी फोन आपटला आणि तासाभराने परत लावला. बाईंनी आता एकच मार्ग ठेवला होता: जन्मल्याबरोबर बाळाचं रक्त घेऊन मुंबईला पाठवायचं. रिपोर्टला तीन-चार आठवडे. तोवर बीसीजी नाही, आणि खोकणारं माणूस बाळाच्या आसपास नाही. रिपोर्ट चांगला आला तर लस लगेच देता येते, उशीर झाला म्हणून काही बिघडत नाही. वाईट आला तर ही लस या मुलीला कधीच द्यायची नाही.

मी निवृत्त झाले, सामान गुंडाळलं आणि द्वारकेच्या फ्लॅटवर पहारा द्यायला आले.

दवाखान्यातून घरी आल्यावर मी दाराच्या आत एक खुर्ची टाकली आणि जवळजवळ तिथेच राहायला लागले. पाचवीची पूजा घरच्या घरी केली. बारसं पुढे ढकललं. सोसायटीतल्या बायका बाळ बघायला आल्या तर त्यांना दारातच चहा पाजून वाटेला लावलं. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं लागतं, हे त्यांना कोण सांगणार? मुलगा अंबडच्या कंपनीतून आला की आधी त्याला आंघोळीला पिटाळायचे. रोज बाळाच्या दोन्ही काखा चाचपून बघायचे. तिला लस दिलेलीच नव्हती, मग गाठ कुठून येणार, हे मला कळत होतं. तरी बघायचे. सून ते पाहायची आणि झबलं पुन्हा नीट करायची. नातू गेल्यापासून तिने मला एका शब्दाने बोल लावला नव्हता. मला ते शिव्यांपेक्षा जड जात होतं.

अकराव्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात गुलाबी साडीतली तरुण सिस्टर, सोबत वॉर्डातली आशाताई.

"बाळाचं कार्ड दाखवता का? बीसीजी राहिलंय, असं दिसतंय."

मी कारण सांगितलं. तिला ते पटलं नाही, आणि पटू नये हेच बरोबर होतं. मीही असल्या कारणांना कधी भीक घातली नव्हती.

"आजी, काही होत नाही हो. थोडा ताप येईल, एक पुळी येईल. तुम्ही जुन्या माणसांनी असा विरोध केला तर बाळाचंच नुकसान आहे. उद्या टीबी झाला तर जबाबदारी कोणाची?"

हे शब्द माझेच होते. शेवटच्या वाक्याआधीचा तो थांबाही माझाच. मी आतून मुंबईच्या डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी आणून तिच्या हातात दिली. तिने ती दोनदा वाचली. चिठ्ठी इंग्रजीत, आजाराचं नाव लांबलचक. तिचा चेहरा जरा उतरला, पण तिने वही काढलीच.

"मी वरती विचारते. तोवर इथे सही करा. लस नाकारणाऱ्या घरांची यादी असते."

ती यादी मला माहीत नव्हती काय? दर महिन्याला त्या यादीतली घरं शून्यावर आणायची म्हणून मी उन्हातान्हात पाय तुडवले होते. मी सही केली. सही करताना तिला एवढंच सांगितलं, "तू हट्ट सोडला नाहीस, चांगलं केलंस. पण फॉर्मवर रक्ताच्या नात्याचा प्रश्न येतो ना, तो नुसता विचारून पुढे जाऊ नकोस. मामाची मुलगी केली आहे का, असं सरळ विचार." ती गोंधळून हो म्हणाली. आत सून पाळण्याची दोरी धरून बसली होती. दोरी हलायची थांबली होती.

चौदाव्या दिवशी माझा भाऊ आला. नामपूरच्या मार्केटला कांदा घालून, तिथून एसटीने. हातात बाळंतविड्याची पिशवी: लेकीला साडी, नातीला झबली-टोपडी, डिंकाच्या लाडवांचा डबा. दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात त्याच्या खोकल्याचा आवाज मला त्याच्या आधी येऊन पोचला. मी जिन्याच्या वळणावरच त्याला गाठलं.

"हा खोकला कधीपासून आहे?"

"कांदानी धूळ शे ती. दरसाल येस माले."

"किती दिवस झाले?"

"व्हयना व्हतीन पंधरा-ईस दिन."

दोन आठवड्यांवरचा खोकला म्हणजे टीबीची शंका. मी दोन पायऱ्या वर होते, तो खाली. मी हात आडवा केला. "वर येऊ नकोस."

आधी त्याला गंमत वाटली. मग त्याचा चेहरा बदलला. "बाई, मी पोरना बाप शे. माले दारमा उभा करस का?"

"जिन्यात उभा करतेय. दारातही नको."

तो माझ्याहून सहा वर्षांनी लहान. त्याला कडेवर घेऊन मी वाढवला. बाळंतविडा घेऊन आलेल्या बापाला लेकीच्या घरातून परत लावायचं, म्हणजे आमच्याकडे सोयरीक मोडण्यासारखं. त्याने पिशवी पायरीवर ठेवली आणि उपरण्याने तोंड पुसलं. त्याचे डोळे भरले होते ते खोकला दाबल्याने की दुसऱ्या कशाने, मी नीट पाहिलं नाही. मी म्हणाले, आधी थुंकी तपासून घे, सटाण्याला, उद्याच. तो पिशवी तिथेच ठेवून जिना उतरला.

मी वर आले तर सून बाळाला घेऊन गॅलरीत उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. खाली रस्त्यावर तिचा बाप मान वर करून थांबला होता. तिने बाळाच्या तोंडावरचं दुपटं बाजूला केलं आणि बाळाला दोन्ही हातांनी कठड्याच्या आतच जरा उंच धरलं. द्वारकेच्या चौकातले हॉर्न इतके वाजत होते की बोलणं शक्यच नव्हतं. भावाने हात जोडले. देवाला जोडतात तसे, आपल्या नातीला. मग तो रिक्षाला हात करून निघून गेला.

तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "बेडकामा काहीच नही निंघनं, बाई. आते तरी येऊ का?" मी म्हणाले, रिपोर्ट येईपर्यंत थांब. त्याने फोन ठेवला, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडात कोंबून रडले. मला वाटलं, हाच बिघाड त्याच्यात आहे आणि माझ्यात आहे, आणि आमच्यापैकी कुणालाही त्या बिघाडाने कधी साधा तापही दिला नाही. जे काही द्यायचं ते त्याने गेलेल्या नातवाला दिलं.

विसाव्या दिवसापासून फोन वाजला की सून पाळण्याजवळ जाऊन उभी राहायची. आमचं दोघींचं बोलणं कामापुरतं उरलं होतं. पाणी तापलं का, बाळ प्यालं का. भाजीत मीठ दोनदा पडलं तरी ती तशीच संपवली.

पंचविसाव्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाईंचा फोन माझ्याच मोबाइलवर आला. मी मोबाइल पुढे केला, स्पीकरचं बटण सुनेने दाबलं.

"एकच प्रत बिघडलेली आहे," बाई म्हणाल्या. "दुसरी पूर्ण चांगली आहे. तिच्या आईसारखी, वडिलांसारखी, तुमच्यासारखी. तिला तो आजार नाही. बीसीजी देऊन टाका."

मी पाळण्याशी खाली बसले आणि बाळाचे पाय हातात धरले.  सून मात्र उभीच होती. ती फोनकडे वाकून म्हणाली, "मॅडम, रक्ताच्या नमुन्यांची अदलाबदल तर झालेली नसेल ना?" बाई म्हणाल्या, तुमच्या दोघांच्या रक्ताशी ताडून पाहिलंय, बाळ तुमचंच आहे. तेव्हा कुठे तिने मान हलवली आणि फोन बंद केला.

मी लगेच उठून कामाला लागले. माझा स्वभावच तसा. "उद्या आरोग्य केंद्रात सत्र आहे. मी येते बरोबर. त्या गुलाबी साडीवालीला मी सांगते सगळं. दंड मी धरते. तिला जमणार नसेल तर…"

तर लस मी देते, असं माझ्या मनात होतं. पंचवीस दिवस मी तेच मनात धरून बसले होते. या हाताने एकदा जे झालं ते याच हाताने पुसून निघेल, अशी काहीतरी वेडी आशा.

"आत्या, तू येऊ नको."

लग्नानंतर ती मला कायम अहो-जाहो करायची. आज ते गळून पडलं. ती बाळाला खांद्यावर घेऊन पाठीवरून हात फिरवत होती आणि माझ्याकडे न बघता बोलत होती.

"तो डॉक्टर फॉर्म भरत होता ना, तेव्हा मी तुझ्या मागेच उभी होते. तू नाही म्हणालीस. मला माहीत होतं, ते हो आहे. बारावीला शिकले होते मी. आम्हाला आनुवंशिकतेचा धडा होता."

 मग मी म्हणाले, "अगं, मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तू सिस्टर होतीस. सासू होतीस. बाहेरच्या माणसासमोर तुला खोटं कसं पाडू? मला वाटलं, तुला जास्त कळत असेल. सतरा दिवस रोज वाटायचं, आज सांगावं. नाही सांगितलं." बाळाने ढेकर दिली. तिने त्याचं तोंड पुसलं. "तुझा राग नाही असं म्हणणार नाही. आहे. पण माझा मला जास्त आहे. उद्या मी एकटी जाणार. विचारतील त्याला मी उत्तर देणार."

इतकी वर्षं मी एक गोष्ट तिच्यापासून लपवत होते आणि तीच गोष्ट ती माझ्यापासून लपवत होती. हे पंचवीस दिवस तर एकाच स्वयंपाकघरात, एकाच बाळाच्या नावाने. मी तिच्या पाठीवर हात ठेवायला गेले आणि मध्येच थांबले. तिला तो हात आत्ता हवा आहे की नाही, हे मला कळत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच मी आधी विचारलं.

"बाहेर बसले तर चालेल?"

"बाहेर बस," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती बाळाला घेऊन केंद्रात आत गेली आणि मी बाहेरच्या लोखंडी बाकावर बसले. शेजारी एक सासूबाई होत्या, त्यांची सून नंबर लावून उभी होती. त्यांनी मला विचारलं, "सुनेसोबत आत नाही गेलात? या पोरींना काय समजतं?"

"तिला सगळं समजतं," मी म्हणाले.

थोड्या वेळाने आतून माझ्या नातीचा रडण्याचा आवाज आला. माझे पाय आपोआप उठायला निघाले. मी बाकाची कड दोन्ही हातांनी धरली आणि बसून राहिले.